तिसऱ्या गाण्यातली जागा

“...पण मास्तर, शिकलेलं कुठलं आणि चोरलेलं कुठलं, हे ओळखायचं कसं?”

इनास मास्तर वसईच्या आपल्या घरी ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. मांडीवरचा सॅक्सोफोन फडक्याने पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुझं काय चोरीला गेलंय?”

“माझं काही नाही. आपलं सहज विचारतोय.”

“सहज विचारायला कुणी मुंबईहून भर उन्हात येत नाही, केयूर.”

केयूर पाठारेने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. एकेकाळी तो मास्तरांचा लाडका शिष्य. आता मुंबईत वाजवायचा आणि एका मासिकात नव्या अल्बमांवर लिहायचा. भलेभले त्याच्या लेखणीला वचकून असत, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

हल्ली त्याच्याकडे एकाच धाटणीचे अल्बम येऊन पडत. जॅझच्या अंगावर ब्राझीलचा ताल, अमेरिकी सोल संगीत गाणाऱ्या आर्त गळ्यामागे आफ्रिकेची तंतुवाद्यं. सगळं जग एका ताटात वाढलेलं. केयूरचा एकावरही विश्वास बसत नसे. कुणी कुठून काय उचललं, हे हुंगतच तो ऐकायचा.

त्यातच फिलूचा अल्बम आला. फिलोमिना लोपीस, त्याची गुरुभगिनी. दोघांनी याच ओटीवर पहिली फुंकर मारली होती. पुढे ती ब्राझीलला जाऊन राहिली आणि तिथल्या ढोलवाल्यांना सोबत घेऊन तिने हा अल्बम केला.

केयूरने पिशवीतून तबकडी काढली.

“हिच्यातला ब्राझील धड ब्राझील नाही, मास्तर. जॅझही धड जॅझ नाही.”

“मग काय आहे?”

“तेच तर कळत नाही.”

“आणि कळलं नाही की तुला संशय येतो.”

केयूरची नजर कोपऱ्यात गेली होती. तिथे एक कोरा करकरीत रेकॉर्ड प्लेअर होता. मागच्या खेपेला नव्हता.

“हा कुणी दिला?”

“फिलूने.”

केयूरच्या मनात पाल चुकचुकली. त्याने तबकडी लावली आणि सुई थेट तिसऱ्या गाण्यावर टेकवली.

ढोल घुमू लागला. त्यावर फिलूचा सॅक्सोफोन आला. मास्तरांनी डोळे मिटले. केयूर मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिला. कुठे पापणी हलते, कुठे ओठ मुडपतात...

“गाणं ऐकतोयस, की माझी झडती घेतोयस?” मास्तरांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

तेवढ्यात ती जागा आली. जिना उतरावा तसे सूर खाली येत होते. मूळ सुराचं घर एका पायरीवर राहिलं, आणि ते अडले. ढोलही थांबला. मग उशिरा, बिचकत, त्यांनी भलत्याच पायरीवर पाय टेकला.

केयूरने सुई उचलली.

“ही जागा तुमची आहे.”

मास्तरांनी डोळे उघडले.

“मी किती वेळा मागितली तुमच्याकडे! तुम्ही म्हणायचात, ‘ही तुला शिकवता यायची नाही.’ आणि तिला दिलीत. नाहीतर तिने चोरली. दोन्हींतलं खरं काय ते सांगा, मी तसं छापतो.”

छापतो म्हणताना त्याचा आवाज चिरकला. ते त्याला स्वतःलाही आवडलं नाही.

“माझी नाही ती,” मास्तर म्हणाले.

“मग कुणाची?”

“पेद्रू डाबरेच्या लग्नात तू पहिल्यांदा एकट्याने वाजवलंस. आठवतं?”

केयूरचे कान तापले. न आठवायला काय झालं? भर मांडवात त्याची फजिती झाली होती. त्यानंतर त्याने दमसासावर अशी मेहनत घेतली, की पुन्हा म्हणून तो कधी चुकला नाही.

“तुझा श्वास संपला,” मास्तर म्हणाले. “अर्ध्यातच अडलास. मग घाबरत घाबरत भलत्याच सुरावर उतरलास. मला फार आवडलं ते. मी घेतलं. फिलूने माझ्याकडून घेतलं.”

“मला... विचारलंसुद्धा नाहीत?”

“तू मांडवामागे रडत होतास.”

केयूर खाली बसला. मग एकाएकी तो ताठ झाला.

“म्हणजे ती जागा माझी! मग अल्बमवर माझं नाव का नाही?”

मास्तरांनी सॅक्सोफोन त्याच्या हातात दिला.

“वाजव.”

केयूरने वाजवली. सूर झरझर खाली आले आणि नेमके घरी पोचले.

“ही नव्हे. ती.”

त्याने पुन्हा फुंकर घातली. या वेळी तो मुद्दाम अडला. पण ते अडणं मोजूनमापून केलेलं, परीटघडीचं. त्याचं त्यालाच ते कळलं. मग त्याने छातीतली सगळी हवा आधी सोडून दिली आणि रिकाम्या छातीने वाजवलं. तरीही बोटं आपली वाट चुकेनात.

त्याने वाद्य तोंडापासून दूर केलं. कपाळावरचा घाम पुसला.

“मास्तर... येत नाही.”

“मग फिलूकडे जा,” मास्तर म्हणाले. “ती शिकवेल.”