शिराळकर मास्तरांची राहिलेली बाजू

फार वर्षांपूर्वी, बेलबर्डीच्या हायस्कुलाला भिंती होत्या पण छप्पर पुरतं नव्हतं, तेव्हा तिथे शिराळकर नावाचे मास्तर आले. कुठून आले ते कुणी विचारलं नाही, आणि आता सांगणारंही कुणी उरलेलं नाही. अंगाने काटकुळे, आवाज मात्र नदीपल्याड जाईल असा. ते मॅट्रिकच्या वर्गाला इतिहास शिकवत, पण त्या वर्गाची रीत जगावेगळी होती. स्वतःचं मत मांडायचं तर आधी समोरच्याचं मांडायचं, आणि तेही असं की समोरच्याने म्हणावं, हो, माझ्या मनातलं हेच. त्यानंतरच आपलं मत सांगायची परवानगी.

असं म्हणतात, एकदा एक फौजदार सहज म्हणून त्या वर्गात डोकावला, तर मास्तरांनी त्याला चोराची बाजू मांडायला लावली. फौजदार घामाघूम झाला, पण मांडली. त्या दिवशी कोठडीतल्या चोराला रडू फुटलं, असंही म्हणतात. खरं-खोटं करायला कुणी गेलं नाही.

याच वर्गात गेनबा माळ्याची हौसा आली. पोरीला शिकवून काय करायचं, असं गेनबाचं ठाम मत होतं. मास्तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि पोरीला का शिकवू नये, हे त्यांनीच गेनबाला सांगितलं. लांबची वाट, लोकांची तोंडं, शिकलेल्या पोरीला जोडीचा नवरा मिळायची पंचाईत, सगळं सांगितलं. गेनबा ऐकत राहिला. त्याच्या काळजीला इतके नीट शब्द कुणी दिले नव्हते. शेवटी तोच म्हणाला, "मास्तर, आता तुमचं काय ते सांगा." दुसऱ्या दिवशी हौसा वर्गात बसली होती.

हौसा पाठांतराला पक्की. कुठलंही पान विचारा, पोरगी घडाघडा म्हणायची, आणि त्याचा तिला ताठाही होता. मास्तरांनी तिला उभं केलं आणि म्हणाले, "पोरींनी शाळेत येऊ नये, ही बाजू मांड."

हौसाचं तोंड लाल झालं. एक वाक्य धड येईना. ती रडली, उद्यापासून येणार नाही म्हणाली. मास्तर शांतपणे म्हणाले, "रडून घे. मग मांड."

पुढे कितीतरी दिवस तिने मास्तरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग एकदा भाकरी थापता थापता तिची आत्या कुरकुरत होती, शिकली की ही पोर आपल्याजवळ बसायची नाही. हौसा नेहमी अशा बोलण्याला नाक मुरडायची. त्या दिवशी मात्र तिला ऐकू आलं की आत्या चिडलेली नाही, आत्याला भीती वाटतेय. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात आत्याची बाजू मांडली आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे सरकून ऐकू लागली. तिथून तिचं डोकं पहिल्यासारखं राहिलं नाही. पाठ केलेलं सगळं तिला नव्याने वाचावं लागलं, कारण आता त्यात माणसं दिसत होती.

पण घरोघर वैताग सुरू झाला. पोरं जेवायला बसली की बापाला म्हणायची, आबा, बांधाच्या भांडणात आधी काकाची बाजू सांगा. त्यातच त्या वर्षी मॅट्रिकचा निकाल पार घसरला. मग शाळेच्या कमिटीचे आप्पासाहेब यांनी पटांगणात सभा बोलावली. मास्तरांना ठेवायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

हौसा रात्रंदिवस तयारी करत होती. मास्तर गेले तर गावात पुन्हा घोकंपट्टी सुरू होणार, हे तिला दिसत होतं. आप्पासाहेब म्हणाले, "शिकल्याल्या पोरांतलं कुणीतरी बोला." हौसा उभी राहिली. आणि वर्गातली रीत अंगात मुरलेली, म्हणून तिने आधी गावाची बाजू मांडली.

असं म्हणतात, तसं बोलणं बेलबर्डीने त्याआधी ऐकलं नव्हतं. ज्या बापाने जन्मभर अंगठा उठवला त्याला पोराचे प्रश्न नको असतात, पोरगं पास झालं एवढंच ऐकायचं असतं, असं ती म्हणाली. बायांनी पदर डोळ्याला लावले. झाडावरचे पोपट ओरडायचे थांबले, असंही सांगतात. ती श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात आप्पासाहेब उठले. "मास्तरांची लाडकी पोरगीच असं म्हणतीया, मग आता राह्यलं काय?"

लोक धोतरं झटकत उठले. हौसा म्हणाली, "थांबा, माझं व्हायचंय अजून." कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली, "लई ग्वाड बोललीस, पोरी," आणि पुढे गेलं. बघता बघता पटांगण रिकामं झालं.

मास्तर तेवढे जागेवर बसून होते. हौसा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तेच म्हणाले, "तू बरोबर केलंस. मी बोलायला शिकवलं, पण गावाला बसून ऐकायला शिकवायचं राहून गेलं माझ्याकडून."

दिवस मावळायच्या आत ते गाव सोडून नदीपल्याड गेले. नदीला पाणी होतं, पण त्यांचं धोतर भिजलं नाही, असं म्हणतात.

हौसा पुढे वकील झाली. समोरच्याची बाजू ती अशी मांडायची की समोरचा वकील कागद मिटून मान डोलवायचा. लोक वाहवा करायचे, आणि प्रत्येक वाहवा तिला खुपायची. तिने मास्तरांना गावोगाव शोधलं. ते सापडले नाहीत.

केस पिकल्यावर ती बेलबर्डीला परतली. गावाने पुन्हा सभा भरवली. म्हणाले, हौसाक्का, तेव्हाचं राहिलेलं आता बोला, आम्ही उठत नाही. ती उभी राहिली. सारं गाव बसून होतं, तान्ही पोरंसुद्धा. हौसाक्काचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. ज्यांच्यासाठी बोलायचं ते नव्हते. ऊन उतरलं, गुरं परतली, तरी कुणी हललं नाही. शेवटी तीच खाली बसली.

आजही बेलबर्डीच्या ग्रामसभेत बोलणारा खाली बसल्याशिवाय कुणी उठत नाही, मग भाकरी करपली तरी चालेल. आणि सगळ्यांचं बोलून झालं, ठराव झाला, तरी गाव थोडा वेळ तसंच गप्प बसतं. नव्याने आलेला पाहुणा विचारतो, आता कोण बोलायचं राहिलं? शेजारचा त्याला हाताने खुणावतो, बसा. शिराळकर मास्तरांची बाजू चालू आहे.