शेवरीची डहाळी

त्या राज्यात लांडगे उरले नव्हते, पण एडक्यांची शिंगे तशीच वाढत होती. ती कशासाठी वाढतात हे कोणाला आठवत नसे. म्हणून वर्षातून एकदा, गवत पिवळे पडले की माळावर टकरी भरत. जो एडका सलग तीन वर्षे हरणार नाही, त्याच्या कळपाला वरच्या पठारावर कायमचे चरायला मिळे. तिथले गवत उन्हाळ्यातही वाळत नसे.

टकरीत कोणी मरू नये अशी राज्याची इच्छा होती. त्यासाठी एक रीत घालून दिलेली होती. प्रत्येक एडक्यामागे रिंगणाच्या कडेला एक बोकड उभा राही आणि त्याच्या तोंडात शेवरीची हिरवी डहाळी असे. आपल्या एडक्याला आता सोसवत नाही असे दिसले की बोकडाने ती रिंगणात टाकायची. मग पंच असलेला म्हातारा रेडा खूर आपटी आणि टक्कर थांबे. डहाळीला पाला असलाच पाहिजे, कारण नुसत्या काटक्या गर्दीतून कोणीही भिरकावत असे. हे काम नात्यातल्यांना देत नसत. आई पहिल्याच धडकेला डहाळी टाकते, असा अनुभव होता. बोकडाच्या तोंडी पाला द्यावा का, हा प्रश्न मात्र कोणाला पडला नव्हता. टकरी तेव्हा लवकर संपत.

खडक्या नावाचा एडका पहिल्या वर्षी जिंकला होता. त्याच्यामागे भिवाप्पा नावाचा वयस्क बोकड उभा राही. मागे कसे सरायचे, पाय कुठे रोवायचे, हे भिवाप्पानेच त्याला शिकवले होते. खडक्या त्याला आप्पा म्हणे.

दुसऱ्या वर्षी खडक्यासमोर गव्हाळ आला. तो पलीकडच्या कळपाचा, मानेने जाड आणि हट्टी एडका होता. पहिल्या पाच धडका सारख्या झाल्या. सहाव्या वेळी दोघेही जरा जास्त वेळ मागे थांबले, तशी गर्दी खवळली.

"टक्कर आहे की पाव्हणेरावळे भेटतायत?"

"गव्हाळ्या, घरी जा आणि लोकर विंचरत बस!"

"रेडेबुवा, यांना चहापाणी विचारा!"

सगळे हसले. मग दोघे असे धावले की आवाजाने झाडावरचे बगळे उडाले. त्यानंतर कोणी हसले नाही. अशी टक्कर त्या राज्यात कोणी पाहिली नव्हती. शिंगांचे टवके उडत होते आणि दोघांच्या कपाळावरचे रक्त डोळ्यांत उतरत होते. तरी ते मागे सरत होते आणि पुन्हा येत होते. भिवाप्पाला श्वास घ्यायचे भान नव्हते. एवढे देखणे, एवढे भयंकर त्याच्या आयुष्यात काही घडले नव्हते, आणि ते त्याने शिकवलेल्या एडक्याकडून घडत होते.

अकराव्या धडकेनंतर खडक्याचा मागचा पाय मुडपला. तो उठला, पण तोंड भलत्याच दिशेला करून उभा राहिला. गव्हाळ कुठे आहे हे त्याला कळत नव्हते. त्याने मान वळवून भिवाप्पाकडे पाहिले.

भिवाप्पाने डहाळी टाकायला तोंड उघडले, तेव्हा त्याला जिभेवर शेवरीची चव लागली. खाली पाहिले तर डहाळीवर एकही पान नव्हते. बघता बघता त्याने सगळा पाला चावून खाल्ला होता.

त्याला ओरडता आले असते, रिंगणात जाऊन मध्ये उभे राहता आले असते. पण मग सगळ्यांना ती काटकी दिसली असती. भिवाप्पाने काटकी खाली टाकली, तिच्यावर पाय ठेवला आणि समोर पाहत उभा राहिला.

टक्कर आणखी चार धडका चालली. पंधराव्या धडकेला गव्हाळ खाली बसला आणि उठला नाही. खडक्या जिंकला होता.

गर्दीने भिवाप्पाला घेरले. "मानलं आप्पा! दुसरा असता तर अकराव्यालाच टाकली असती."

"छाती लागते त्याला, छाती!"

भिवाप्पाने मान हलवली. दातांत अडकलेला पाला त्याने जिभेने आत ओढून घेतला.

गव्हाळ त्या दिवसानंतर पाय फरफटत चाले. त्याचा कळप त्याला मागे ठेवून पुढे गेला आणि कोणी फारशी चौकशी केली नाही. टकरीच्या गोष्टी मात्र वर्षभर चालल्या.

तिसऱ्या वर्षी खडक्यासमोर नुकते दोन दात आलेला एडका उभा होता. ही टक्कर जिंकली की पठार मिळणार होते. कळपाने सामानसुमान आवरावे तसे म्हातारे आणि लंगडे आधीच चढाच्या पायथ्याशी नेऊन बसवले होते. रेड्याने खूर आपटला. खडक्या तीन पावले मागे सरला, धावला आणि त्या पोरसवद्या एडक्याच्या बाजूने सरळ पुढे निघून गेला. दुसऱ्या वेळी मागून बसलेल्या साध्या धक्क्याने तो कोलमडला.

"जिंकल्यावर माज येतो, दुसरं काय," कळपात कोणीतरी म्हणाले. चढाच्या पायथ्याशी बसलेल्यांना परत आणायला दोन दिवस लागले.

तेव्हा भिवाप्पा खडक्याजवळ गेला आणि सगळे सांगून मोकळा झाला. "मी पाला खाल्ला रे. तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हा टाकायला माझ्यापाशी काही नव्हतं. आणि ते मी लपवलं."

खडक्याने बराच वेळ विचार केला. "भूक लागली असेल तुला, आप्पा," तो म्हणाला. "असू दे."

भिवाप्पाला वाटले, आता उद्यापासून त्याच्याकडे बघता येईल. पण सकाळी खडक्या त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि आनंदाने म्हणाला, "आप्पा, त्या दिवशी सगळे टाक टाक म्हणत असतील, पण तू टाकली नाहीस. तुझा माझ्यावर भरवसा होता."

भिवाप्पाने पुन्हा सांगितले. खडक्याने पुन्हा असू दे म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा काही आठवत नव्हते, फक्त तो भरवसा आठवत होता. असे रोज होऊ लागले. कधी कधी भिवाप्पा सांगायचे टाळी आणि दिवसभर त्याच्या नजरेसमोरून दूर चरत राही.

एका दुपारी कळप तळ्यावर उतरला. खडक्याने पाण्यावर मान वाकवली, तर आतून एक एडका मान वाकवून त्याच्याकडे पाहत होता. खडक्या तीन पावले मागे सरला आणि धावला. पाणी उडाले. तो आत उभा राहून थांबला. पाणी शांत झाले तसा तो एडका पुन्हा आला. खडक्याने पुन्हा डोके घातले. काठावर कळप जमला आणि सवयीने ओरडू लागला.

भिवाप्पा पाण्यात शिरला. बोकडांना पाणी आवडत नाही, पण तो पोटापर्यंत आत गेला, खडक्याच्या समोर आला आणि हरलेला एडका बसतो तसा गुडघे टेकून खाली बसला. मग त्याने मान चिखलात घुसळली आणि तोंड तेवढे पाण्यावर ठेवले. तळाचा गाळ वर आला आणि पाण्यात कोणी दिसेनासे झाले.

खडक्या थबकला. "संपली का, आप्पा?"

"संपली."

"ऊठ की म्हाताऱ्या, एवढ्यात हरलास?" काठावरून कोणी ओरडले आणि हशा पसरत गेला.

खडक्याने डोके खाली केले आणि तो गढूळ पाणी हळूहळू पिऊ लागला. त्याचे पिऊन होईपर्यंत भिवाप्पा तसाच पडून राहिला.