लोंबलेलं दार आणि चिचुंद्रीचा लाडू

एक होती चिचुंद्री. नाक लांब, पाय आखूड. तिला एकदा सापडला डिंकाचा लाडू. लाडू केवढा? बोराएवढा. घरी पिल्लं किती? चार. चारही उपाशी. चिचुंद्रीने लाडू तोंडात धरला आणि निघाली. तुरु तुरु तुरु.

वाटेत लागलं हुसेनचाचांचं गॅरेज. तिथे होती एक जुनी हिरवी मोटार, दौलतरावांच्या आजोबांची. चाकं काढलेली. विटांवर उभी. दार सताड उघडं.

इतक्यात आला कावळा. काव काव! चिचुंद्री टुणकन मोटारीत शिरली. लाडू सीटवर ठेवला. कावळा गेला का बघायला खाली उतरली. कावळा गेला, पण वारा आला. दार लोटलं. कुंईंई... धप्प! बसलं की अडकून!

चिचुंद्री फटीतून शिरायला गेली. नाक गेलं, पोट जाईना.

ती म्हणाली, "दारदादा, दारदादा,
लाडू मिळत नाही,
पिल्लं माझी उपाशी.
उघड ना रे!"

दार म्हणालं, "मी कसं उघडू? मी खाली लोंबलोय. बिजागरी मला धरेल, तर मी उघडेन."

चिचुंद्री गेली बिजागरीकडे. तुरु तुरु तुरु.

"बिजागरीताई, बिजागरीताई,
दार उघडत नाही,
लाडू मिळत नाही,
पिल्लं माझी उपाशी.
दार धर ना गं!"

बिजागरी म्हणाली, "मी कशी धरू? माझी पिन झिजलीय. चाचा नवी पिन घालतील, तर मी धरीन."

चिचुंद्री गेली हुसेनचाचांकडे. तुरु तुरु तुरु.

"चाचा, चाचा,
बिजागरी दार धरत नाही,
दार उघडत नाही,
लाडू मिळत नाही,
पिल्लं माझी उपाशी.
पिन घाला ना हो!"

चाचा म्हणाले, "मी कशी घालू? माझे हात दोनच. एकात हातोडा, एकात पिन. जॅक दार उचलेल, तर मी पिन घालीन."

चिचुंद्री गेली जॅककडे. तुरु तुरु तुरु.

"जॅकभाऊ, जॅकभाऊ,
चाचा पिन घालत नाहीत,
बिजागरी दार धरत नाही,
दार उघडत नाही,
लाडू मिळत नाही,
पिल्लं माझी उपाशी.
दार उचल ना रे!"

जॅक म्हणाला, "मी कसं उचलू? खाली माती भुसभुशीत. मीच रुततो. फळी माझ्याखाली येईल, तर मी उचलेन."

चिचुंद्री गेली फळीकडे. तुरु तुरु तुरु.

"फळीमावशी, फळीमावशी,
जॅक दार उचलत नाही,
चाचा पिन घालत नाहीत,
बिजागरी दार धरत नाही,
दार उघडत नाही,
लाडू मिळत नाही,
पिल्लं माझी उपाशी.
हल ना गं!"

फळी हळूच म्हणाली, "श्शू! मी कशी हलू? माझ्यावर मालक बसलेत. मालकांना 'उठा' कोण म्हणणार? ते उठतील, तर मी हलेन."

खरंच की! फळीवर बसले होते दौलतराव. पोट मोठं, मिशा मोठ्या, चहाची बशी हातात. फुर्र फुर्र. चाचा त्यांच्याकडे बघत होते. ते चाचांकडे बघत होते. सकाळपासून दोघांचं हेच काम चाललं होतं.

चिचुंद्री म्हणाली,
"मालक, मालक,
फळी हलत नाही,
जॅक दार उचलत नाही,
चाचा पिन घालत नाहीत,
बिजागरी दार धरत नाही,
दार उघडत नाही,
लाडू मिळत नाही,
पिल्लं माझी उपाशी.
जरा उठा ना हो!"

दौलतरावांनी मिशीला पीळ दिला. "मी कसा उठू? मी हितं लक्ष ठेवतोय! मी उठलो की काम थांबतंय. दार उघडेल, तर मी उठेन!"

घ्या! दार म्हणतं बिजागरी, बिजागरी म्हणते चाचा, चाचा म्हणतात जॅक, जॅक म्हणतो फळी, फळी म्हणते मालक, आणि मालक म्हणतात दार!

चिचुंद्रीला रडू आलं. मग राग आला. रडू इवलंसं होतं, राग मोठा होता.

मालकांना 'उठा' कोण म्हणणार? आता चिचुंद्रीही म्हणाली नाही. ती सरळ दौलतरावांच्या पायजम्यात शिरली. तुरु तुरु तुरु! घोट्यावरून पोटरीवर, पोटरीवरून गुडघ्यावर. चुं चुं चुं!

"आई आई गंऽऽ!" दौलतराव टुणकन उठले. बशी इकडे, चहा तिकडे. एक पाय वर, एक पाय खाली. थयथय थयथय! चिचुंद्री टपकन बाहेर पडली.

मालक उठले, फळी हलली.
फळी हलली, जॅकखाली गेली. सर्रर्र.
जॅकने दार उचललं. कुर्र कुर्र कुर्र.
चाचांनी पिन घातली. ठक ठक ठक.
बिजागरीने दार धरलं. कच्च.
आणि दार उघडलं. अलगद! कुंईं नाही की धप्प नाही.

चिचुंद्री उडी मारून आत गेली. सीटवर लाडू होता. अख्खा! तिने तो तोंडात धरला.

दौलतरावांनी दार लावून पाहिलं. खट्ट! उघडून पाहिलं. पुन्हा लावलं. खट्ट! ते खूश झाले. पायजमा झटकून म्हणाले, "बघा चाचा! मी बसून लक्ष ठेवलं, म्हणून काम झालं!"

"व्हय मालक," चाचा म्हणाले.
"व्हय मालक," फळी म्हणाली.
जॅक म्हणाला, बिजागरी म्हणाली, दारसुद्धा म्हणालं, "व्हय मालक!"

चिचुंद्री तेवढी काही म्हणाली नाही. तिच्या तोंडात लाडू होता. ती घरी निघाली. तुरु तुरु तुरु.

चार पिल्लं, चार घास.
लाडू गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात!