ब्रुसेल्सची चप्पल

कोल्हापूरचे चपलांचे व्यापारी रेवणशेठ चप्पल शिवायला शिकवणारी संस्था चालवत. युरोपच्या भागीदारीसाठी संस्था तपासायला आलेले कर्णिकसाहेब गुरगुरले, "युरोपच्या कौशल्य धोरणात बसायचं तर प्रमाणपत्रवालाच शिक्षक हवा. या तानूबाईंना काढा, नाहीतर भागीदारी विसरा!"

तीस वर्षं चपला शिवणाऱ्या आणि संस्थेत शिकवणाऱ्या तानूबाईंचा चेहरा उतरला. शेठ म्हणाले, "साहेब, या जोडातली एक चप्पल बाईंनी शिवलीय, दुसरी प्रमाणपत्रवाल्यानं. घालून फाटकापर्यंत जाऊन तर या."

साहेब लंगडत परतले. "डावी चावते! ही बाईंचीच!"

"बाईंची उजवी. डावी माझी," शेठ ओशाळं हसले. "ब्रुसेल्सला तीन दिवसांच्या शिबिरात बिस्किटं खाऊन प्रमाणपत्र आणलंय मी. आता सांगा, काढू कुणाला?"

साहेबांनी शिक्षकांच्या यादीत बाईंचं नाव कायम केलं.

बाई म्हणाल्या, "शेठ, उद्यापासून तुम्ही पण वर्गाला या."