चंद्राच्या दोन ओळी

दूरच्या एका बंदराच्या गावी एकदा एक वृद्ध नाटककार राहत असे. त्याच्या नाटकांपेक्षा त्याने रचलेली टँगोची गाणीच लोकांना अधिक ठाऊक होती. टँगो म्हणजे तिथले जोडीचे नृत्य. गाणे चालू असते आणि माणसे एकमेकांना बिलगून नाचत असतात.

त्याच्या शिष्याने आपले पहिले गीत रचले. जहाजाने गेलेल्या माणसाची वाट पाहत शिवण करणाऱ्या बाईचे ते गीत. गावच्या नाटकमंडळीच्या नव्या नाटकात ते घेतले गेले नाही, तर बापाच्या कापडदुकानात परतायचे, असा घरचा हुकूम होता.

नवे गाणे आधी नाचघरात म्हणून पाहायचे, ही तिथली रीत. नाटकमंडळीचा मालकही आला होता. गायिका ‘चंद्र हा माझ्या विरहाचा भंगलेला आरसा’ या ओळीपाशी पोचली आणि नाचणाऱ्या जोड्या जागीच थांबल्या. पुढच्या ओळीला तर टाळ्यांचा कडकडाट झाला.

“पोरा, घेतलं तुझं गाणं!” मालक म्हणाला.

गुरूने मात्र कागद ओढून घेतला आणि चंद्राच्या दोन्ही ओळींवर काट मारली. “इथे नुसती पेटी वाजू दे. पुन्हा म्हणा.”

शिष्य पुढे झाला. “गुरुजी, लोक याच ओळींवर तर थांबले!”

“म्हणूनच.”

“म्हातारपणी शिष्याचाही मत्सर वाटतो वाटतं,” मालक पुटपुटला.

गाणे पुन्हा झाले. त्या जागी पेटीचा भाता संथ श्वास घेत राहिला. कोणी थांबले नाही, कोणी टाळी वाजवली नाही. गोदीतला एक धिप्पाड हमाल डोळे मिटून नाचत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते.

गुरू हळूच म्हणाला, “मघाशी ते थांबले, ते तुला पाहायला. नाचणारा इथे आपलं दुःख घेऊन येतो. गाण्यात त्याला टेकायला थोडी जागा लागते. तिथे तू चंद्र टांगून ठेवला होतास.”

शिष्याला ते पटले नाही. त्याचे लक्ष मालकाच्या चेहऱ्याकडे होते.

इतक्यात तो हमाल घाम पुसत त्यांच्यापाशी आला. “काय रे, हे जुनं गाणं ना? माझी आई शिवताना हेच गुणगुणायची.”

‘माझं आहे, कालच रचलं,’ हे शब्द शिष्याच्या ओठांवर आले. त्याने हमालाच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिले.

“हो, दादा,” तो म्हणाला, “तेच असेल.”

मालकाने तो काट मारलेला कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला.