किती पाण्यात?

एका जंगलात रिठ्याच्या झाडाखाली झऱ्याचं एक लहानसं कुंड होतं, आणि त्या कुंडावर लांब टांगांचा एक पाणकिडा राहत असे. कुंडात नव्हे हं मुलांनो, कुंडावर! आपण फरशीवर चालतो तसा हा पाण्यावरून तुरुतुरु चालायचा, आणि तेही पाय ओला न करता. त्यामुळे स्वारीचे पाय जमिनीवर नव्हतेच. कुणी पाण्यात धडपडलं की हा तिथे हजर, आणि प्रश्न ठरलेला, "काय, किती पाण्यात आहात?"

एके दिवशी एक मुंगी पानावरून घसरून कुंडात पडली. बिचारी गटांगळ्या खात ओरडली, "दादा, तेवढी काडी सरकवा हो!" काडी त्याच्या पायाशीच तरंगत होती. पण हा तिच्याभोवती गिरक्या घेत म्हणाला, "आधी सांग, मुंगीबाई, किती पाण्यात आहेस?" शेवटी काठावरच्या कासवाने मान लांबवून तिला बाहेर काढलं.

कासव पाणकिड्याला म्हणालं, "अरे, एवढा फुगू नकोस. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून वरचं पाणी ताणलेल्या कापडासारखं होतं. तू हलका, म्हणून ते तुला पेलतं. ही करामत काही नुसत्या तुझ्या टांगांची नाही."

"हॅ! मला बुडवायची पाण्याची काय बिशाद!" पाणकिड्याने नाक उडवलं आणि तो कुंडाच्या मधोमध जाऊन ऐटीत उभा राहिला.

तेवढ्यात झाडावर एक माकड आलं. त्याने खायला म्हणून मूठभर रिठे फोडले. शी, कडूजहर! थू थू करत त्याने ते कुंडात भिरकावले आणि खाली उतरून चिकट झालेले हात कुंडातच खसाखसा चोळून धुतले. पाण्यावर पांढराशुभ्र फेस आला. माकड निघून गेलं.

पाणकिड्याने पाय टाकला, तो सरळ आत गेला. "अरेच्चा!" दुसरा टाकला, तोही गेला! वारा नव्हता, लाट नव्हती, कुणी ढकललंही नव्हतं. ज्या पाण्यावर उभा जन्म काढला, ते आज त्याला ओळखच देईना. पाणकिड्याची बोबडीच वळली. "अ... अहो, हे पाणी धरत का नाही मला? बुडालो! कुणी आहे का?"

"रिठ्याने पाण्याची पकड सैल केली रे!" कासव ओरडलं. पण एवढ्या फेसात त्याला तो इवलासा किडा दिसतच नव्हता.

मुंगीला मात्र दिसला. मघाची ती काडी आता काठाला लागली होती. मुंगीने सगळा जोर लावून ती फेसात ढकलली. पाणकिड्याने काडीला मिठी मारली आणि तो कसाबसा काठावर आला. सगळं अंग भिजलं होतं.

मुंगीने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय दादा, किती पाण्यात आहात?"

पाणकिड्याने मान खाली घातली. "नाकातोंडापर्यंत, मुंगीताई."

पुढे झऱ्याच्या पाण्याने फेस वाहून गेला, तेव्हा तो पुन्हा कुंडावर उतरला. पण त्याआधी त्याने एक पाय हळूच पाण्याला टेकवून पाहिला.

तात्पर्य : ज्याच्या जिवावर आपण उड्या मारतो त्यालाच विसरलो, तर आपण किती पाण्यात आहोत हे कळायला मूठभर रिठेही पुरतात.