पाठीवरच्या गोचिडी

मुलांनो, मी शाळा लवकर सोडली. लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, शब्दही साधेच आहेत. तेवढं सांभाळून घ्या.

एका जंगलात, ओढ्याकाठच्या वडावर, वानरांचा एक कळप राहत असे. दुपारी पोटं भरली की सगळे एकमेकांच्या पाठीवरच्या गोचिडी वेचत. पिलांची पाठ त्यांच्या आया बघत. एका पोराची आई मात्र वाघाने नेली होती. तो ज्याच्या त्याच्यापुढे पाठ करून बसे. "सरक रे, आगाऊ!" म्हणत सगळे त्याला लोटत. कळपाचा म्होरक्या, म्हातारा हुप्प्या, म्हणे, "आधी नीट वागायला शीक. मग बघू." खोडाला घासून घासून पोराची पाठ सोलून निघाली, तसा तो चिडका होत गेला. एक दिवस त्याने एका पिलाला बोचकारले. हुप्प्याने त्याला ओढ्यापलीकडे हाकलून दिले.

तिकडे उनाड वानरांची टोळी होती. त्यांचा दादा हसला. "काय भावड्या, पाठीची पार चाळण झालीय की! कर इकडे." त्याने एकेक गोचीड वेचली. किती तरी दिवसांनी पोराला बसल्या बसल्या डुलकी लागली.

आठवड्याने दादा म्हणाला, "आज ओढ्यापलीकडचा, त्या म्हाताऱ्या हुप्प्याचा उंबर लुटायचा. तू पुढे हो." पोरगा नाही म्हणाला नाही. उंबराच्या शेंड्यावर त्याने उडी घेतली आणि फांदी मोडली. तो खाली आपटला, तशी टोळी पळून गेली.

हुप्प्या रागाने खाली उतरला. "लाज नाही वाटत? काय कमी होतं रे तुला इथे?"

पोराला धाप लागली होती. "आजोबा," तो म्हणाला, "पाठीवर माझा हात पोचत नव्हता हो."

एवढेच बोलून त्याने प्राण सोडला. हुप्प्याने त्याला कुशीवर वळवले. पाठीच्या जखमा भरत आल्या होत्या, आणि गोचीड एकही नव्हती. म्हातारा तिथेच बसून राहिला. रागवायला आता कुणीच उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वडाच्या अगदी टोकाच्या फांदीवर गेला. तिथे आणखी एक पोरके पोर एकटेच फांदीला पाठ घासत बसले होते. त्याला पाहताच ते पळू लागले.

"थांब रे बाळा," हुप्प्या म्हणाला. "कर इकडे पाठ."

तात्पर्य : ज्या लेकराला घरचे जवळ घेत नाहीत, त्याला टोळी जवळ घेते. ते का बिघडले हे विचारण्याआधी, त्याला दुखत होते तेव्हा आपण काय केले हे विचारावे.